शाई न फुटणारा कागद

१६ ऑगस्ट १९८२, श्रावणी सोमवार
आजपासून लातूर जिल्हा झाला. गंजगोलाईत पताका, बँड, पेढे. हे दुकान लवकर बंद करून पेढा घेऊन आले, तिघांत एक. पाऊस नाहीच. ढग येतात, उस्मानाबादेकडं निघून जातात, जुन्या जिल्ह्याची सवय मोडली नसेल.
मला मात्र आज सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यात उजेड पडला. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, ऑफिसं म्हणजे फायली, फायली म्हणजे कागद. मार्च महिन्यात खादीवाल्यांच्या शिबिरात मी हातकागद शिकले आहे. तिथं शिकवणाऱ्या साहेबराव मास्तरांनी सर्वांदेखत म्हटलं होतं, बाईंचा उत्साह चांगला आहे. जिल्ह्याला कागद मी पुरवणार.
सुरुवात घरून. आमच्या शिवगंगेचं लग्न दिवाळीनंतर, मुलगी मुदखेडच्या घरी दिली आहे. सगळ्या लग्नपत्रिका माझ्या कागदावर, माझ्या अक्षरात. मॅट्रिकला अक्षराचं बक्षीस होतं.
वेगळी वही म्हणजे चैन. हे सगळं हिशेबाच्या वहीत मागच्या पानांपासून लिहून राहिले.

१९ ऑगस्ट
शिवगंगेला सांगितलं. ती म्हणाली, आई, बाकी काहीही कर, पण मामाची पत्रिका नीट जाऊ दे.
मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ वीरभद्र, इस्लापूरचा. आमच्या वास्तुशांतीला ह्यांनी त्याला तोंडी निरोप धाडला होता. तो आला नाही. तेव्हापासून एकच पालुपद, दाजींच्या घरचं बोलावणं हातात कागद आल्याशिवाय खरं नाही. आणि मामानं हात धरून आणल्याशिवाय पाटावर बसायचं, हे शिवगंगेला लहानपणापासून मान्य नाही. मामानं तिला सहस्रकुंडाचा धबधबा खांद्यावर बसवून दाखवला आहे.
मी म्हटलं, मामाला असा कागद जाईल की तो फ्रेम करून ठेवील.

२ सप्टेंबर
काम सुरू. शेजारच्या जोहराचे मालक पाशामियाँ शिंपी, त्यांच्याकडून कतरण फुकट. कापूस तेवढा वेचून घेतला. भिजवणे, कुटणे, जाळीवर लगदा उचलणे, वाळवणे. कागद झाला. थोडा जाड. थोडा पापडासारखा. पण कागद.
आता खळ. कोऱ्या कागदाला खळ दिली नाही तर तो शाई पितो, अक्षर पसरतं. खरं कौशल्य इथं आहे. मास्तरांचा सरस मी हातात धरणार नाही, तो कातड्याचा असतो. आपली ज्वारीची कांजी, राळ आणि तुरटी. मास्तरांनी शिबिरात बजावलं होतं, तुरटीच्या पाण्यात चुना, राख, सोडा काही पडू देऊ नका.
राख पडू दिली नाही. फक्त पूजेतलं भस्म चिमूटभर टाकलं. शुभ कामाला भस्माशिवाय हात लावणार नाही.

५ सप्टेंबर
पहिली परीक्षा. टाकानं 'श्री' लिहिला. जरा जाड आला. लांबून वाचायला सोपा जाईल.

६ सप्टेंबर
रात्रीतून 'श्री' आणखी जाड झाला. आता तो 'श्री'च आहे हे लिहिणाऱ्यालाच कळतं. दोष कतरणीचा. त्यात टेरिकॉट आलं असणार. जोहराला बोलले. ती म्हणाली, आक्का, फुकट की चिंदी में भी खोट निकाल्ते तुम. मी तिला माफ केलं. मोठ्या कामाला मन मोठं लागतं.

१५ सप्टेंबर
नळ चार दिवसांआड. लगदा धुवायला पाणी लागतं म्हणून भांडी कमी घासायची असं ठरवलं. एकाच ताटात दोघांनी जेवावं. हे म्हणाले, लग्न शिवगंगेचं आहे की आपलं.
जोहरा भिंतीवरून म्हणाली, आक्का, कागज को पानी पिलारे, जरा हमकोबी पिलाव. तिला एक कळशी दिली. लगद्याची नितळ निवळी होती. तिनं ती रस्त्यावर ओतली. पाण्याची किंमत लोकांना अजून कळली नाही.

२८ सप्टेंबर
दुसरा घाणा. कतरण नवी, कांजी ताजी, तुरटी खडा नवा. भस्म या वेळी चिमटीऐवजी मूठ. श्रद्धेत काटकसर करू नये, बाकी सगळ्यांत करावी.
परीक्षा केली. शाई टेकवली आणि ती चहूकडं धावली. बोअरच्या पाण्याचा दोष. दुष्काळात पाणी जड होतं.

८ ऑक्टोबर
निर्णय. सगळ्या पत्रिका माझ्या कागदावर नकोत. मुदखेडची मंडळी रेल्वेतली, त्यांना छापील आवडतं. मुलाकडच्या पत्रिका प्रेसमध्ये छापू द्या असं ह्यांना मीच सुचवलं. हे म्हणाले, चांगलं झालं, ऑर्डर दिलीच आहे मी. माझ्या आधी माझे विचार ह्यांच्यापर्यंत पोचतात. तीस वर्षांच्या संसाराचं फळ.
आपल्याकडच्या पत्रिका मात्र माझ्याच.

२० ऑक्टोबर
साहेबराव मास्तर मुद्दाम सायकलवर आले. कागद उजेडात धरला, मान हलवली, आणि मग त्यांनी कागदाच्या कोपऱ्याला जीभ लावली. म्हणे खळ तपासायची हीच रीत. कागद जिभेला चिकटला. ओढून काढावा लागला. तो ताव उष्टा झाला, वाया.
मास्तर थुंकून आले आणि म्हणाले, बाई, यात राख आहे.
मी म्हटलं, राख नाही.
ते म्हणाले, मग भस्म आहे. तुरटीला राळ धरू द्यायची असते. भस्मानं तुरटी मरून राहिली, म्हणून खळ धरून नाही राहिली. भस्म काढा, आठ दिवसांत कागद सुधारतो.
सरकारी नोकरीनं माणसाची श्रद्धा कशी जाते ते पाहिलं. त्यांना उपमा दिला. दोनदा घेतला.

२२ ऑक्टोबर
मास्तरांच्या म्हणण्याचा शांतपणे विचार केला. माणूस अनुभवी आहे, त्यांचा मान राखायला हवा. त्यांना जिभेला भस्माची चव लागली ही खरी अडचण. या घाण्यात भस्म तेवढंच ठेवलं आणि वेलदोड्याची पूड टाकली.

२७ ऑक्टोबर
वास उत्तम. शाई फुटली. मुंग्या आल्या.

१६ नोव्हेंबर, पाडवा
दिवाळीत कागद वाळत घातलेल्या गच्चीवर दिवे लावता आले नाहीत. हे म्हणाले, अंधार चांगला दिसून राहिला.
आणखी विचार करून ठरवलं. आपल्याकडच्या पत्रिकाही छापीलच जाऊ द्याव्या. पावसाअभावी लोक त्रासलेले, हातचं अक्षर वाचायला बसणार कोण. माझा कागद फक्त माहेरच्या माणसांना. त्यांना त्याची किंमत आहे.
शिवगंगा म्हणाली, आई, माहेरात आता मामाच तर उरला आहे. तेच म्हणाले मी. एकच पत्रिका, पण अशी की तिच्यापुढं छापील सगळ्या फिक्या.

१९ नोव्हेंबर
प्रेसमधून गठ्ठा आला. गुलाबी, गुळगुळीत, सोनेरी गणपती. बोट फिरवलं तर बोट घसरतं. असल्या कागदात जीव नसतो.
गठ्ठ्यात ह्यांनी वीरभद्राच्या नावाची एक घातली होती, पत्त्यासकट. मी काढून घेतली. माझ्या भावाला बहिणीच्या हातचंच जाईल. दोन दोन बोलावणी गेली तर त्यालाच वाटेल की एकावर भरवसा नव्हता. शिवाय पोस्टाचं तिकीट वाचलं. मागची बाजू कोरी आहे, वाणसामानाची यादी लिहायला उपयोगी.

२१ नोव्हेंबर, सकाळ
अंघोळ, पूजा, उपवास. शेवटचा आणि सर्वांत चांगला ताव घेतला. या घाण्यात वेलदोडा मागच्याएवढाच, भस्म ओंजळभर, सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यातलं, स्वामींकडून मागून आणलेलं. आता फुटून दाखवावं शाईनं.
लिहायला बसले. शिवगंगा डोक्याशी उभी. ती म्हणाली, आई, बॉलपेननं लिही. मी म्हटलं, बॉलपेननं दूधवाल्याचं खाडं लिहितात. टाक, निळी शाई, झोकदार.
वर सिद्धेश्वर प्रसन्न. खाली सगळा मजकूर मनापासून. ओळीवर ओळ भरीव होऊन राहिली. शिवगंगा म्हणाली, आई, ओळी एकमेकींना भेटून राहिल्या. मी म्हटलं, वाळलं की मागं सरतात.
मग चार कोपऱ्यांना ओल्या बोटानं हळदकुंकू. कोपऱ्यांना हवा तेवढा रंग चढला, बराच चढला, मध्यापर्यंत आला. शुभ कार्यात लाल रंग पुढं यावाच. घडी घातली. शिवगंगा म्हणाली, उघडून एकदा बघ. ओल्या पत्रिकेची घडी मोडणं अशुभ.
दुपारी इस्लापूरचे बियाणंवाले शेटजी ह्यांच्या दुकानात आले होते, त्यांच्या हाती दिली. तोंडी काही सांगू नका म्हटलं, वीरभद्राला कागद हवा आहे.

२५ नोव्हेंबर
शेटजींचा निरोप, कागद पोचवला. वीरभद्रानं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. ह्यांना आणि शिवगंगेला जेवताना ऐकवलं. जोहरालाही भिंतीवरून. साहेबराव मास्तरांना कार्ड टाकलं, छापील पत्रिकेच्या मागच्या बाजूवर: खळ धरली आहे.

५ डिसेंबर
लग्न झालं. पाणी टँकरचं, पुरलं. मुदखेडची मंडळी चांगली. गर्दी छापील पत्रिकांची.
वीरभद्र आला नाही.
मुहूर्ताला शिवगंगेनं तीनदा विचारलं, इस्लापूरची गाडी आली का. ह्यांनी स्टँडवर माणूस धाडला. शेवटी मामा म्हणून दुकानातले शिवलिंगप्पा उभे राहिले. त्यांचं धोतर नवं होतं, पण हात धरायचा कसा हे त्यांना समजेना, त्यांनी तिची कोपराची बाही धरली. ती दाराकडं बघत चालली.
मी म्हटलं, मानपान मानपान करून माणसं हातचं घालवतात. कागद मिळून सुद्धा आला नाही. माझी चूक काय.
पाठवणीला जोहरा शिवगंगेपेक्षा जास्त रडली.

१४ डिसेंबर
वीरभद्र आला. न सांगता, सकाळच्या गाडीनं. हातात नारळ, पिशवीत शिवगंगेला साडी.
मी तोंड फिरवून चहा ठेवला. तो म्हणाला, आक्का, आधी सिद्धेश्वराला जाऊ, मग बोल. नवस फेडायचा आहे.
म्हटलं, कसला नवस.
म्हणाला, तू अंगारा पाठवलास ना शेटजींच्या हाती. लई कडक अंगारा. घडी उघडली तर भस्माचा वास, आणि निळा, लाल, पिवळा डाग सगळीकडं, हळदकुंकवाचा. अक्षर एकही नाही. म्हटलं, आक्कानं देवाचं धाडलं. म्हैस तीन दिवस उठून नव्हती राहिली. तुझी भावजय म्हणाली, पाण्यात टाकून बघू. टाकला तर काय, गपकन विरघळला, दुधावानी. निम्मं म्हशीला पाजलं, निम्मं घरात तीर्थ म्हणून घेतलं सगळ्यांनी. वेलदोड्याची चव होती. म्हैस संध्याकाळी उठली.
मी म्हटलं, आणि लग्नाला.
म्हणाला, तारीख कानावर होती. पाच तारखेला नवं धोतर नेसून इस्लापूरच्या स्टँडवर बसलो होतो दुपारपर्यंत. प्रत्येक गाडीत बघून राहिलो, कुणाच्या हाती कागद येतो का. म्हटलं दाजी या वेळी सुद्धा विसरले. म्हटलं जाऊ दे, देव तरी पाठवला आक्कानं.
हे आतून आले. मी ठेवलेला चहा त्यांनी स्वतः वीरभद्राच्या हातात दिला. मला रागावले असते तर बरं झालं असतं.
वीरभद्राला सांगितलं, तो अंगारा नव्हता, पत्रिका होती.
त्यानं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, म्हणजे आम्ही पत्रिका प्यालो. मग हसला. मग हसू थांबलं. म्हणाला, काय लिहिलं होतंस गं.
मी सांगू लागले. वर सिद्धेश्वर प्रसन्न. मग चिरंजीव वीरभद्र यास आशीर्वाद. मग तिथी, वेळ, मांडव कुठं. मग, दाजींच्या चुकीवर मनात किंतू धरू नकोस. तिथपर्यंत सांगितलं.
तो म्हणाला, एवढंच.
म्हटलं, एवढंच.
आणखी एक ओळ होती, सगळ्यांत खाली, जागा उरली नव्हती म्हणून बारीक लिहिलेली. तू आल्याशिवाय शिवगंगा पाटावर बसणार नाही.
बसली ती.