सूनबाईंनी कोर्टात घेतलेलं नाव

मु. येवले, श्रावण वद्य पंचमी, शके १८३१

सौभाग्यवती विहीणबाई अन्नपूर्णाबाई यांस भागीरथीबाईचा नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत (त्र्यंबक तुरुंगात आहे, पण खुशाल आहे). व्याह्यांचा दमा कसा आहे?

तुमच्या लेकीची कागाळी करायला मी आजवर पुष्कळदा लेखणी उचलली. आज कौतुक करायचं आहे, म्हणून हात अडखळतो. मागल्या महिन्यात आमच्या घराची झडती झाली. पिठाच्या डब्यात हाताने लिहिलेला एक लेख सापडला, दुष्काळातही शेतसारा वसूल करणाऱ्या सरकारवर. (कणीक रोज मीच काढते, मला कधी दिसला नाही. असो.) खाली सही नाही, अक्षर मुद्दाम वाकडंतिकडं. त्र्यंबकला राजद्रोहाखाली धरलं आणि साक्षीला मनोरमेला बोलावलं. तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं, की माझा मुलगा आत.

पण गाडी पहिल्याच प्रश्नावर अडली. सरकारी वकिलाने विचारलं, नवऱ्याचं नाव काय? आता कुलीन बाई भर कोर्टात नवऱ्याचं नाव कशी घेईल? वर बसलेला मॅजिस्ट्रेट साहेब दरडावतोय आणि ही पदर सावरून गप्प उभी. अकरापासून दीडपर्यंत हेच. (पाय माझे दुखले, तिचे नाही.) शेवटी एका म्हाताऱ्या कारकुनाने सुचवलं, बाई, उखाण्यात घ्या. तशी ही आधी लाजली, मग खणखणीत आवाजात म्हणाली,

"मुलूख आमचा, कायदा तुमचा, न्याय कुणाकडे मागू?
त्र्यंबकरावांचं नाव घेते, आणखी काय सांगू?"

सगळं कोर्ट हसलं. दुभाष्याने मात्र घाम पुसत पुसत साहेबाला अर्थ सांगितला. साहेब लालबुंद झाला, हिलाही त्याच कलमाखाली आत टाका म्हणाला. तेव्हा त्र्यंबक उठला.

"लेख माझा आहे. तिला घरी जाऊ द्या."

एक वर्ष सक्तमजुरी झाली. मी रडले, विहीणबाई, खोटं कशाला बोलू? पण परत येताना सगळा बाजार उठून उभा राहिला, आणि मला मुलाचा नि सुनेचा, दोघांचाही अभिमान वाटला. मनोरमेला सातवा लागला आहे, म्हणून रिवाजाप्रमाणे माहेरी पाठवते आहे. लोभ आहेच, वाढला तर ठेवून घेईन.

भागीरथीबाई

ता. क. पत्र टपालात न टाकता मनोरमेच्याच हाती देते आहे. वाचून चुलीत घाला. त्र्यंबकला चार ओळींचं पत्रसुद्धा धड लिहिता येत नाही. लेख तुमच्या लेकीचा.

आणखी ता. क. तिला डोहाळे लागलेत ते कागदाचे नि शाईचे. ते पुरवावेत, आणि लिहून होईल ते इकडे छापायला धाडावं. व्याही सरकारी शिरस्तेदार, त्यांच्या घराची झडती कोण घेणार?