तक्रारपेटीतली पहिली चिठ्ठी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदापुरताच, गुडघ्यांनी या सदरातून अंग काढून घेतले आहे.) तुझी कंबर कशी आहे, भावोजींचा खोकला थांबला का, आणि नसल्यास औषध घ्यायचे की नाही यावरचा तुमचा वाद कुठवर आला, ते सविस्तर कळव. इकडे प्रकृती ठीक, पण संताप आवरत नाही, म्हणून हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, मुलगा आणि सून नोकरीपायी शहरात, आणि सात वर्षांची नात माझ्याकडे. आपण तिला मुंगी म्हणतो ते चावते म्हणून नव्हे, एकदा धरलेली वाट सोडत नाही म्हणून. गावात शाळा एक, शाळेत शिक्षक दोन: मुख्याध्यापक आणि मी. तेव्हा यंदा मुंगी माझ्याच वर्गात येणार हे विधिलिखित होते. पहिल्याच दिवशी तिला फाटकापाशी थांबवून बजावले, "आत मी बाई, बाहेर आजी." वडिलांनी शिकवलेला देहलीदीपन्याय आठवतो ना? उंबऱ्यावरचा एकच दिवा घरात आणि अंगणात, दोन्हीकडे उजेड पाडतो. मला वाटले, मी तसा दिवा होईन. पोरीने दिवेच दोन मानले. जेवताना मला सांगते, "आजी, आज बाईंनी उगाच आरडाओरडा केला." मी भाजी वाढत म्हणते, "हो का?" (काय करणार? कराराचा मसुदा माझाच.)

आता, नातीला झुकते माप देते असे कुणी म्हणू नये म्हणून मी जपत होते. शिंप्याची बायको मुलीला सोडायला येते ती खिडकीशी घटकाभर रेंगाळते, आणि तिची नजर सुईच्या नेढ्यातून आरपार जाईल इतकी बारीक. तेव्हा मुंगीने हात वर केला की मी दुसऱ्याला विचारायचे. धड्याचे वाचन? सुताराचा मुलगा. फळ्यावरचे गणित? शिंप्याची मुलगी. तपासनीस साहेब आले तेव्हा पृथ्वीला चंद्र किती, हे मी बावीसपैकी एकवीस जणांना विचारले. एकाने 'रोजचा एक, महिन्याला तीस' असे उत्तर दिले तरी मी ढळले नाही. मुंगीचा उजवा हात दमला की डावा वर येई. याला निःपक्षपात म्हणतात, ताई! आणि त्याचे फळ काय मिळाले ते ऐक.

आमच्या मुख्याध्यापकांनी (गाव त्यांना पाठीमागे 'परिपत्रक' म्हणते, मी समोर म्हणायची संधी शोधते आहे) तीन वर्षांपूर्वी व्हरांड्यात तक्रारपेटी टांगली. आजवर तिच्यातून एक पाल आणि कुणाचा तरी दुधाचा दात एवढेच निघाले होते. मागच्या सोमवारी चिठ्ठी निघाली: 'बाई माझा हात बघत नाहीत. मी रोज वर करते. माझ्या आजीला शाळेत बोलवा. ती बाईंना बोलेल. ती कुणाला घाबरत नाही.'

शहाण्या माणसाने हसून चिठ्ठी खिशात घातली असती. परिपत्रकांनी ती आवक वहीत चढवली! मग पालकांच्या नावे रीतसर नोटीस काढली आणि माझ्याच हातात दिली, कारण पालकांपर्यंत नोटीस पोचवणे हे वर्गशिक्षिकेचे काम. शनिवारी शाळा सुटल्यावर मी हजर. टेबलासमोर दोन खुर्च्या. मी एकीत बसले तर म्हणाले, "बाई, ही पालकांची." उठून दुसरीत बसले, तर "मग पालक आले नाहीत असं लिहू का?" तीस वर्षे नोकरी झाली, ताई, पण इतक्या उठाबशा मी मुलांनासुद्धा कधी काढायला लावल्या नाहीत! पालकांचे म्हणणे काय, की डावीकडे. वर्गशिक्षिकेचा खुलासा काय, की उजवीकडे. "आवाज चढवू नका," असे त्यांनी दरडावले तेव्हा मी दोघींपैकी कोण होते ते आता आठवत नाही. शेवटी 'उभयपक्षी खेळीमेळीने चर्चा झाली' असे लिहून खाली माझ्या दोन सह्या घेतल्या. वर म्हणतात, "दोन्ही सारख्या दिसतात. एक जरा वेगळी करा."

बाहेर मुंगी फाटकाला टेकून उभी. मी फाटक ओलांडेपर्यंत तिने तोंड उघडले नाही. मग माझा हात धरला. "आजी, बोललीस बाईंना?" "बोलले." "जोरात?" "चांगलं जोरात." "मग बाई काय म्हणाल्या?" आणि इथे तुझी पंडिता बहीण अडली. कारण डावीकडच्या खुर्चीने चार नेमके प्रश्न विचारले होते, आणि उजवीकडच्या खुर्चीला एकाचेही उत्तर आले नव्हते. "बघते म्हणाल्या," मी सांगितले. मुंगी थोडे चालली आणि म्हणाली, "त्या नेहमी तसंच म्हणतात."

सोमवारी वर्गात शिरताच पहिला प्रश्न तिलाच विचारायचा, असे ठरवून गेले. शिंप्याची बायको गेली खड्ड्यात. तर मुंगीचा हात खाली! आज गुरुवार. बावीसांच्या वर्गात एकवीस हात वर असले तरी वर्ग एवढा रिकामा दिसतो, हे मला कुणी शिकवले नव्हते. हा सगळा परिपत्रकांचा दोष, हे तू मान्य करशीलच.

तुझी,
(हल्ली दोन जागी सही करणारी) धाकटी

ता. क. परिपत्रकांनी पुढच्या शनिवारी 'पाठपुरावा बैठक' ठेवली आहे. पालक या वेळी वेगळा आणा, म्हणतात. तू ये. तू तिची थोरली आजी, आणि लहानपणी मला भिंतीशी उभी करून तू जशी झापायचीस, तसे पुढे मला कुणी झापलेच नाही. डावीकडची खुर्ची तुझी. जोरात बोल, मुंगी खिडकीशी असेल. भावोजींना आणू नकोस, ते माझी बाजू घेतील.

आणखी ता. क. परिपत्रकांविषयी लिहिलेले मनावर घेऊ नकोस. काल मुंगीचे दप्तर आवरताना त्याच चिठ्ठीची आधीची प्रत सापडली. पेटीत टाकण्यापूर्वी ती माझ्याच टेबलावर आली होती. मी वह्यांचा गठ्ठा तपासत होते. त्याच झपाट्यात, एक शब्दही न वाचता, तिच्यावर लाल शाईने शेरा मारून परत दिली: 'अक्षर चांगले. ओळ सरळ हवी. पुन्हा लिही.' परिपत्रकांनी निदान वाचली तरी.

पेटीतल्या चिठ्ठीची ओळ अगदी सरळ होती.