सीलबंद निवळी

५ मार्च

अयशस्वी! तपासणीला आलेल्या साहेबांनी वहीत हाच शब्द लिहिला. वळणदार अक्षर, खाली दोन रेघा.

प्रयोग काय, तर संगमरवराच्या तुकड्यांवर आम्ल ओतायचं, फसफसून निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा, निवळी दुधाळ झाली की म्हणायचं — कार्बन डायऑक्साइड. तेरा वर्षांच्या पोरांना जमतो. सरांना सव्वीस वर्षं शिकवून जमला नाही.

निवळी पांढरी झाली होती. चाळिसाव्या सेकंदाला, मी घड्याळ लावलं होतं. तिथेच थांबायचं. पण सर थांबतायत कुठे! साहेबांकडे तोंड करून 'विज्ञान आणि जीवन' यावर भाषण. वायू जास्त झाला की दुधाळपणा विरघळतो, निवळी पुन्हा स्वच्छ. तशी झाली. मी पुढे सरकले, तर — "मधे बोलू नका, बाई." वर्गालाही सकाळीच ताकीद होती, साहेबांसमोर अवाक्षर काढायचं नाही. एरवी सर मिनिटामिनिटाला मुलांनाच विचारतात, "काय दिसतंय?" स्वतः म्हणून बघत नाहीत. अध्यापनपद्धती म्हणे!

साहेबांनी नळी उजेडात धरली. "ही तर स्वच्छ आहे."

"निवळी शिळी असणार," सर म्हणाले. "प्रयोगशाळा या बाईंकडे असते."

संपलं. खापर फोडायला डोकं मिळालं.

६ मार्च

साहेबांनी नळीला बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली, सही केली आणि मुख्याध्यापिकांच्या कपाटात ठेवायला दिली. माझ्याविरुद्धचा पुरावा! आभारी आहे.

सोमवारी चौकशी. माझं कंत्राट महिनाअखेरीस संपतं. वाढणार की नाही, ते सोमवारवर.

आई म्हणाली, "माफी मागायला काय जातं गं?"

नोकरी जाते, म्हटलं. मग भांड्यांचा आवाज वाढला.

७ मार्च

सर व्हरांड्यात समोरून आले. मी हसले. (हो, हसले. सभ्यता.) ते माझ्याकडे बघत बघत सरळ पुढे! "नमस्कार, सर" म्हटल्यावर दचकले. "अरे, तुम्ही होय!"

त्यांचं मन त्यांना खातंय. खाऊ दे.

८ मार्च

शिळी निवळी कितीही तापवली तरी दुधाळ होत नाही. पण वायू जास्त झाल्याने स्वच्छ झालेली निवळी तापवली, की हरवलेला पांढरेपणा परत येतो. म्हणजे कपाटातला पुरावा माझ्या बाजूचा. तोही साहेबांच्या सहीनिशी!

उद्या बर्नर घेऊन जाणार. इस्त्रीचे कपडे काढून ठेवलेत. आईला वाटतंय, माफी मागायला.

बाकी कशात रस नाही. सरांचा चेहरा तेवढा बघायचाय.

९ मार्च

सील साहेबांनीच तोडलं. नळी तापली. आधी बुडबुडे, मग धुरकट, मग दुधासारखी पांढरी. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला.

सर नळीपासून वीतभर अंतरावर, डोळे थेट तिच्यावर. तेच पहिले बोलले.

"बघा! पाण्यासारखी स्वच्छ. सांगितलं होतं ना मी?"

चेहरा बघायचा होता. बघवला नाही.