जाहिरातींच्या वेळातली ओळख

प्रिय एमेट,

हे पत्र तुला घरी नाही, स्टेडियमच्या बाविसाव्या रांगेत मिळेल, कारण तुझा पत्ता माझ्याकडे नाही. सत्तावीस वर्षं आपण शेजारी बसलो. उकडलेल्या अंड्यावर तुला मीठ चालत नाही, मिरपूडच लागते, हे मला ठाऊक आहे. तू टोपी उलटी घातलीस की आपली टीम हरतेच, हेही ठाऊक आहे. आडनाव मात्र ठाऊक नाही. म्हणून लॉइसच्या हाती देते आहे. नऊ नंबरच्या विभागात इतकी वर्षं लोकांना जागा दाखवणारी बाई ती, तुझ्यापर्यंत पोचवेलच. तुझ्यासाठी एक पत्र देणार आहे असं सांगितलं तर मला म्हणाली, "पत्र? अगं, टपालवाल्यांशी भांडलीस की काय?" मी म्हटलं, तू फक्त दे, उघडून बघू नकोस.

आधी माझी खबर सांगते. या मोसमात मी आपल्या विद्यापीठाच्या फुटबॉलच्या सगळ्या मॅच घरी बघितल्या. डॅरेलने, माझ्या मुलाने, भिंतीएवढा टीव्ही आणून बसवला. बसवायला दोन माणसं लागली, आणि तो किती उंचीवर असावा यावर तासभर वाद. तो म्हणतो, "आई, इथं संडास दहा पावलांवर आहे, कॉफी फुकट आहे, आणि पुढ्यात कुणी उभं राहत नाही. तुला आणखी काय पाहिजे?" त्याचं खोटं नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं भिंगातून मोड बघितले. समोर काही नवीन आलं की मी आधी ते उलटसुलट करून पाहते. तसा हा टीव्हीही पाहिला. त्यावर मैदानात एक पिवळी रेघ दिसते, तिथपर्यंत चेंडू नेला की झालं. आपण दोघं इतकी वर्षं डोळे बारीक करून जी रेघ मनाने आखत होतो, ती इथे आयती काढलेली मिळते. आपल्या डावखुऱ्या पोराच्या हनुवटीवर तीळ आहे. आणि आपण ज्यांना तापट समजायचो ते प्रशिक्षक तोंडापुढे कागद धरतात तेव्हा बऱ्याचदा नुसती जांभई देत असतात. हे तुला कधी सांगते असं झालं होतं.

आणखी एक गंमत. माझं घर स्टेडियमपासून जवळ आहे, स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला उघडते. टीव्हीवरचं चित्र कुठून कुठून फिरून येतं देव जाणे, पण ते उशिरा पोचतं आणि तुमचा आरडाओरडा खिडकीतून आधी येतो. टीव्हीवर पोरं अजून वाकून उभी असतात आणि मला कळलेलं असतं की गुण मिळाले. मी घड्याळ लावून मोजलं. कधी वीस सेकंद, कधी बत्तीस, एकदा तर चाळीस. हे कमीजास्त का होतं ते मला अजून उलगडलेलं नाही, डॅरेलला विचारलं तर तो कपाळाला हात लावतो. "आई, खिडकी लाव आणि मॅच बघ." मी खिडकी लावत नाही. आता थंडी पडली तरी बोटभर उघडी ठेवते.

पण खरा शोध लागला तो लाल हातमोजेवाल्याचा. आठवतो ना, टीव्हीवर जाहिराती लागल्या की मधेच मैदानात येऊन उभा राहणारा, ज्याच्यामुळे सगळा खेळ थांबायचा? तो आत आला की तू म्हणायचास, "आला बघ आपला मालक. आता टीव्हीवाल्यांचं पोट भरेपर्यंत बसा काकडत." साडेतीन साडेतीन मिनिटं पोरं नुसती उभी, आपण नुसते बसलेले, आणि त्या वेळात घरी बसलेल्यांना काय दाखवतात याची मला कायम उत्सुकता. तर सांगते, एमेट. एक ट्रक चिखलातून जातो. एक माणूस विमा उतरवतो आणि हसतो. सांधेदुखीचं एक औषध आहे, ते घेतलेली बाई कुत्र्याबरोबर धावते, आणि मग कुणीतरी घाईघाईने त्या औषधाचे दुष्परिणाम वाचतो. पुन्हा ट्रक. एवढ्यासाठी आपण उणे पाच अंशांत बसायचो.

मी पहिल्या मॅचला त्या जाहिराती मन लावून बघितल्या. दुसऱ्या मॅचला उठून भांडी घासली. तिसऱ्या मॅचला माझ्या लक्षात आलं की ट्रक चिखलात शिरला की मी मान उजवीकडे वळवते. तिथे दिवा आहे, उभा, पिवळ्या झाकणाचा. तुझ्या जागी.

मग मी विचार करत बसले. खेळ चालू असताना आपण कधी बोललोच नाही. बोललो ते सगळं लाल हातमोजेवाला मैदानात असताना. माझा नवरा मला आणि डॅरेलला सोडून गेला आणि शनिवार काढायचा कसा या विवंचनेत मी एकटीचं तिकीट काढून आले, हे तू पहिल्याच वर्षी काढून घेतलंस माझ्याकडून. तुझ्या बायकोचं जाणं तू मला एका अख्ख्या मोसमात सांगितलंस. तुझ्या सांगण्यात सप्टेंबरात ती आजारी पडली, ऑक्टोबरात तिचे केस गेले, आणि शेवटच्या मॅचला तू अंत्यविधीपर्यंत आलास आणि शिट्टी वाजली. तू म्हणालास, "बाकीचं पुढच्या वर्षी." आणि पुढच्या वर्षी खरोखर तिथूनच पुढे सांगितलंस. जी माणसं रोज भेटतात त्यांनीही मला इतकं नीट काही सांगितलेलं नाही.

आता ज्याबद्दल आपण सगळ्यात जास्त बोललो त्याबद्दल. पैशांबद्दल. पहिल्या वर्षी तिकीट एकवीस डॉलर होतं आणि तेव्हाही आपण कुरकुरलो. मग तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळावा म्हणून आधी खेळनिधीला देणगी द्यायची, असं निघालं. दिली नाही तर तिकीट नाही, तरी तिचं नाव देणगी. माझी आई तिला दुसरं काही म्हणाली असती. गाडी लावायला साठ डॉलर, म्हणून तू ट्रक चर्चच्या मागे लावून दीड मैल चालत यायचास आणि वर मलाच सांगायचास की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. आतलं खाणंपिणं महाग, नुसती पाण्याची बाटली सहा डॉलर, म्हणून उकडलेली अंडी बाहीत लपवून. आत न्यायची पिशवी पारदर्शकच हवी असा नियम आला तेव्हा तू किती खूश झालास, "बाही अजून पारदर्शक करायला सांगितलेली नाही" म्हणून. आपल्या दोघांत चिक्कू कोण याची चढाओढच होती, आणि बहुतेक वर्षी तूच जिंकलास.

पण कुरकुर करणं वेगळं, आणि खरंच झेपत नाही असं म्हणणं वेगळं. गेल्या वर्षी ऑक्टोबरात विद्यापीठाचं पत्र आलं की पुढच्या वर्षी नऊ नंबरचा विभाग खास होणार, बाकांच्या जागी पाठीच्या खुर्च्या येणार आणि देणगी चौपट होणार. तुलाही तेच पत्र आलं असणार. त्या शनिवारी तू म्हणालास, "पाठ टेकायला एवढे पैसे? मी भिंतीला टेकेन." मी हसले. हसता हसता सांगून टाकायला हवं होतं की माझ्या पेन्शनमध्ये हे बसत नाही, मी चालले. इतकी वर्षं महागाईवर एवढे विनोद केले होते की खरी गोष्ट सांगायला तोंडच उघडेना. लाज वाटली, दुसरं काही नाही.

आता तुझ्याबद्दल मला काय कळलं आणि कसं, ते ऐक. आपली टीम दक्षिणेच्या खांबांमधून चेंडू मारते तेव्हा टीव्हीवर खांबांमागची रांग दोन सेकंद दिसते. त्यात तू दिसतोस. टीव्ही थांबवता येतो, हे डॅरेलने शिकवल्याचा त्याला आता पश्चात्ताप होतो आहे. मी चित्र थांबवते, जुनं भिंग काढते आणि पडद्यापाशी खुर्ची ओढून बसते. फार जवळ गेलं की तुझे नुसते चौकोन होतात, म्हणून हातभर लांबूनच बघते. पहिल्या मॅचला तू नव्या खुर्चीत ताठ बसला होतास, पाठ न टेकता. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर तुझं तपकिरी जाकीट होतं. मला वाटलं, विकली गेली नसेल. दुसऱ्या मॅचला भर उन्हात लोक अंगातले शर्ट काढून बसले होते, तरी जाकीट खुर्चीवर. अशा उकाड्यात माणूस जाकीट आणतो कशाला? आपल्याकडे खुर्चीवर जाकीट टाकलं की त्याचा अर्थ एकच, माणूस येतोय. ऑक्टोबरात आपल्या मैदानावर तीन मॅच झाल्या, तिन्ही वेळा जाकीट होतं आणि माणूस नव्हता. मला दुसरं काही सुचेना. डेन्व्हरची तुझी बहीण राहायला आली असेल आणि तिला गर्दी सोसत नसेल, असंही मी ठरवून पाहिलं. आणखी कुणी असेल, असंही ठरवून पाहिलं, पण त्यावर फार वेळ थांबले नाही.

मग गेल्या मंगळवारी औषधाच्या दुकानात फ्लूची सुई टोचून घ्यायच्या रांगेत लॉइस माझ्या पुढे उभी होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "तो होय? अगं, तो दर मॅचला फोनवर दोन तिकिटं उघडून दाखवतो. दोन्ही त्याचीच. मी विचारलं, दुसरं माणूस कुठाय रे? तर म्हणतो, येईल. कोण ते मी विचारलं नाही बाई, मला तीनशे माणसं बसवायची असतात." माझा नंबर आला, सुई टोचली, कळलंसुद्धा नाही. तू, जो साठ डॉलर वाचवायला दीड मैल चालतो, तू दोन खुर्च्यांची देणगी भरलीस. मी घरी येऊन बराच वेळ कोटही न काढता बसले होते.

एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. गेल्या वर्षीच्या शेवटच्या मॅचला, तिसऱ्या सत्रात, आपण सतरा गुणांनी मागे असताना मी म्हणाले, कोको घेऊन येते. तू म्हणालास, "सावकाश ये, इथं काही बघण्यासारखं होणार नाही." मी कोको आणायला गेले नव्हते, एमेट. निरोप घेणं जमेना म्हणून उठले होते. कोकोच्या टपरीवरून पुढे गेले आणि दारातून बाहेर पडले. गाड्या लावतात त्या मैदानात लोक शेगड्यांवर मांस भाजत होते, तिथपर्यंत पोचले आणि कळलं की मी मूर्खपणा केला आहे. तशीच मागे वळले. दारावरचा माणूस म्हणाला, "बाहेर पडलात की परत आत सोडत नाही, मॅडम. फलक बघा." मी म्हटलं, मग बाविसाव्या रांगेत निरोप तरी द्या. तो म्हणाला, "मॅडम, आत साठ हजार माणसं आहेत." वाईट नव्हता तो, नियमच तसा आहे. मॅच संपेपर्यंत मी तिथे उभी होते, तुला गाठावं म्हणून. पण तू चर्चच्या बाजूच्या दाराने गेला असणार, आणि ते मला सुचलं तेव्हा रस्ता रिकामा झाला होता. तू माझी किती वेळ वाट बघितलीस ते मला माहीत नाही. त्याबद्दल मला माफ कर. वर्षभर रोज नाही, पण फार वेळा हे मनात आलं आहे.

आता पत्र कशासाठी ते सांगते. आज आपल्या मैदानावरची या मोसमातली शेवटची मॅच. लॉइस हे तुझ्या हातात ठेवेल तेव्हा मी सात नंबरच्या दाराबाहेर उभी असेन, हिरव्या कोटात. माझ्याकडे तिकीट नाही. ते जाकीट दुसऱ्या कुणासाठी असेल तर जागचा हलू नकोस. पहिलं सत्र संपेपर्यंत थांबून मी घरी जाईन. रागावणार नाही, वाईट वाटेल, आणि तेही चालेल. माझ्यासाठी असेल तर खाली ये. दाराच्या आतूनच फोन पुढे कर, तिकीट बघून मला आत घेतील आणि आपण त्या महागड्या खुर्च्यांत पाठ टेकून बसू. नाहीतर तू बाहेर ये. मग तुलाही परत आत सोडणार नाहीत, तेव्हा नीट विचार करून काय ते ठरव. माझं घर इथून चालत बारा मिनिटांवर आहे. मला आत यायला आवडेल, एमेट. तू बाहेर आलास, तर त्याहून जास्त आवडेल.

तुझीच,
इर्मा टॉलेफसन