शारदेच्या कापसाच्या पिलाबाबत

प्रति,
मा. निरीक्षकसाहेब,
बालशिक्षण तपासणी कार्यालय, बुऱ्हाणपूर.

अर्जदार : निर्मला वामन चौधरी, बालवाडी शिक्षिका, शाहपूर.

विषय : जमा केलेल्या मराठी चित्रपुस्तकांपैकी एका पुस्तकाचे सातवे पान मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दि. २९ जानेवारी १९५७.

महोदय,

१. अर्जदार चार वर्षांपासून बालवाडीत शिकवते. कोंबडी व तिच्या पिलांचे एक चित्रपुस्तक ती मुलांना दाखवीत असे. गोष्ट संपली की मुले केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या सालीची, कोंबडी आणि कापसाची पिले करीत.

२. केळीच्या बागेत मजुरी करणारे कौतिक व मालूबाई यांची शारदा, वय वर्षे चार, मागे तापातून उठल्यापासून बोलेनाशी झाली होती. दिवाळीनंतर एके दिवशी तिने कापसाचे पिलू केले, खळ लावून थेट पुस्तकाच्या सातव्या पानावर कोंबडीच्या पंखाखाली चिकटविले आणि म्हणाली, "आता याले थंडी नाही लागनार." निरोप मिळताच मालूबाई बागेतून धावत आल्या आणि बालवाडीच्या दारातच रडत बसल्या.

३. नवीन राज्यरचनेत आपला भाग हिंदी राज्यात राहिल्यावर, डिसेंबरात, मराठी पुस्तके जमा करण्याचा हुकूम आला. गठ्ठा अर्जदारानेच बांधला. शारदेने ते पुस्तक छातीशी धरले होते. तिची बोटे अर्जदारानेच एकेक करून सोडविली व "परत येईल, बाळा," असे सांगितले. हे आपण विचारलेले नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

४. पुस्तक परत मिळावे म्हणून दोन अर्ज केले. पहिला ठरावीक नमुन्यात नाही म्हणून परत आला. दुसऱ्याच्या उत्तरात, सरकारी पुस्तकास कापूस चिकटवून खराबी का केली, याचा खुलासा मागितला आहे. खुलासा असा की, चित्रात पंखाखालची जागा रिकामी होती.

५. दरम्यान शारदेस पुन्हा ताप भरला. पुस्तक गेल्यापासून ती गप्पच होती. तापात एकदाच तिने आईला विचारले, "बाईनं पुस्तक आनलं का?" दि. ३ फेब्रुवारीस ती वारली.

६. मालूबाईंजवळ मुलीचा फोटो नाही. तिने केलेली बाकीची पिले बालवाडीच्या झाडलोटीत गेली. म्हणून पुस्तक नको, फक्त ते पान द्यावे. पान फाडणे नियमात बसत नसेल, तर मालूबाईंना कार्यालयात येऊन ते पाहू द्यावे. अर्जदार त्यांना घेऊन येईल. त्या काही बोलणार नाहीत. पिलावर थोडा वेळ हात ठेवतील, एवढेच.

७. खराबीबद्दल जी शिक्षा असेल ती अर्जदारास मान्य आहे. मात्र तोपर्यंत पुस्तक साफ करण्यासाठी कोणी तो कापूस खरवडून काढू नये, ही हात जोडून विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
निर्मला वामन चौधरी
शाहपूर, दि. १८ फेब्रुवारी १९५७

सोबत : मालूबाईंच्या अंगठ्याचा ठसा.