दवाखान्यात रविवारची हॅट

लाडक्या ऑर्थियाताईला,
मॉन्टगोमेरीच्या दवाखान्यातून वर्लीनची घट्ट मिठी.

आई बरी आहे. सकाळी मक्याची पेज खाताना "मेल्यांनी मीठच घातलं नाही" म्हणाली, म्हणजे सुधारतेय. अंजिरं पिकली का गं? पाखरांच्या आधी काढ.

मी रोज चर्चचा निळा ड्रेस आणि हॅट घालूनच बसते. काळ्या बाईनं घरच्या कपड्यांत काही विचारलं तर डॉक्टर धड उत्तर देत नाहीत, ही आईचीच शिकवण ना! हॅटखाली डोकं ठणकतं, पण चालायचंच.

शेजारच्या खाटेवर एक गोरी म्हातारी आहे. काल तिची लेक कॅरल नर्ससमोर ढसाढसा रडली, "मला आता झेपत नाही." तिला लगेच कॉफी आली, पाठ टेकायला आरामखुर्ची आली. मग नर्सनं मला विचारलं, "तुम्हालाही फार ताण येतोय का?"

मी ताठ बसून म्हटलं, "छे, मी अगदी मजेत आहे."

"तुम्ही लोक किती खंबीर असता!" म्हणत ती निघून गेली. मी आपली स्टुलावरच.

आई डोळे मिटूनच पुटपुटली, "हॅट काढ, पोरी." मी काढली, डोकं तिच्या खाटेवर टेकलं. तिनं सलाईनची सुई टोचलेल्या हातानंच माझे केस चाचपले आणि म्हणाली, "ऑर्थिया असती तर वेणी घालून दिली असती."

तुझा गुडघा कसा आहे? चालता येत असेल तर ये. नसेल, तरी ये.

तुझी, बोडक्या डोक्याची,
वर्लीन