बाबांच्या वाट्या

मंगळवार, १५ नोव्हेंबर १९८३
नंदनवन

आज कारखान्यात माझा प्रोग्राम पहिल्यांदा खऱ्या कॉम्प्युटरवर चालला. हिंगण्याहून कंपनीच्या बसने येताना एकच डोक्यात, घरी सांगू कुणाला?

शिकताना मशीन होतं कुठं? एक जाडं इंग्रजी पुस्तक, आणि बाबा. मी चटईवर तीन वाट्या मांडायची, त्यांच्या बुडाला नेलपॉलिशने अ, ब, क लिहिलेलं. एकेक सूचना मी वाचायची आणि बाबा त्याबरहुकूम या वाटीतले शेंगदाणे त्या वाटीत टाकायचे. माझं मशीन म्हणजे बाबा. एकदा थांबायची सूचना लिहायलाच मी विसरले. आई जेवायला हाका मारतेय, आणि हे आपले दाणे टाकूनच राहिले! मी चिडले, तर म्हणाले, "काहून थांबू वं? तू थांब म्हटलंच कुठं?"

बाबा पावसाळ्यात गेले. चार महिनेसुद्धा झाले नाहीत.

बाबांना ज्याला अख्खी संध्याकाळ लागायची, ते मशीनने आज पापणी लवायच्या आत केलं. उत्तर बरोबर. सगळे खूश. आणि मला त्या मशीनचा राग का यावा? त्याने काय बिघडवलं माझं?

रात्री आईने आमटी वाढली ती नेमकी ब वाटीत. बुडाचं अक्षर बोटाला लागलं.

"चाललं का वं तुझं ते मशीन?" आईने विचारलं.

"चाललं," मी म्हटलं. "लई लवकर संपलं."